किती मूळ संख्या काढून टाकल्या तरी चालेल?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. त्या इथे नागपुरातच सातवीला गणित शिकवतात. वर्गात त्यांनी गोल्डबाखची अटकळ सांगितली: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. फळ्यावर २८ = ५ + २३, ३० = ७ + २३ असं सगळं झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मग सगळ्या मूळ संख्या कायले लागतात? थोड्या काढून टाकल्या तं नाही चालत का?" मॅडमनी विचारलंय की याला उत्तर काय द्यायचं, आणि खरंच किती काढता येतील. फक्त ४क + १ जातीच्या (४ ने भागून १ उरणाऱ्या) किंवा फक्त जोडमूळ संख्या (११ आणि १३ अशा २ च्या फरकाने जोडीने येणाऱ्या) ठेवल्या तर काय होईल, हेही त्यांना हवंय.

मॅडम, आधी त्या पोराला माझ्याकडून एक संत्रं द्या. हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार खोल आहे. थोडक्यात सांगायचं तर किती काढल्या यापेक्षा कोणत्या काढल्या हे महत्त्वाचं. आणि बेरजेत दोनच पदं हवीत, तीन चालतील की हवी तितकी, यावर सगळं चित्र पालटतं. दोन पदांत हा प्रश्न जगातल्या कुणालाही सुटलेला नाही. हवी तितकी पदं घेऊ दिली तर सातवीचं पोरगं वहीत सोडवतं. मधल्या तीन पदांचं उत्तर सर्वांत देखणं आहे.

दोन पदांपासून सुरू करू. १०० घ्या. तिच्या जोड्या मोजा: ३ + ९७, ११ + ८९, १७ + ८३, २९ + ७१, ४१ + ५९, ४७ + ५३. झाल्या सहा, सातवी नाही. १०० पर्यंत मूळ संख्या २५. आता मी फक्त ३, ११, १७, २९, ४१ आणि ४७ या सहा काढून घेतो. एकोणीस शिल्लक आहेत, तरी १०० काही केल्या जमत नाही. प्रत्येक जोडीतला एकेक गडी उचलला की खेळ खलास.

तुम्ही म्हणाल, २५ पैकी ६ म्हणजे काही थोड्या नव्हेत, जवळजवळ चौथा हिस्सा आहे. बरोबर. पण पुढे जाऊन बघा. १,००० पर्यंत मूळ संख्या १६८ आहेत आणि १,००० च्या जोड्या २८. म्हणजे १,००० मोडायला सहातली एक पुरते. १०,००० पर्यंत १,२२९, जोड्या १२७. इथे दहातली एक. दहा लाखांपर्यंत ७८,४९८, आणि जोड्या फक्त ५,४०२. शंभरात सातसुद्धा नाही. संख्या मोठी होत जाते तशा जोड्या वाढतात, पण मूळ संख्यांच्या मानाने मागे पडत जातात. जोड्या एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाहीत, हे चाळणीच्या पद्धतीने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच सिद्ध झालंय. म्हणून एकमेकींपासून खूप लांब असलेल्या सम संख्यांची एक न संपणारी रांग मी निवडू शकतो आणि तेवढ्याच मोडण्यापुरत्या मूळ संख्या काढू शकतो. काढलेल्यांचं प्रमाण शेवटी शून्याकडे जातं, आणि तरीही न जमणाऱ्या सम संख्या अनंत राहतात.

तेव्हा दोन पदांपुरतं त्या पोराला सांगा: नाही चालत, बाबू. नेमक्या जागी हात घातला तर नखभर काढलेल्यानेही मोडतं.

एक गोष्ट सहसा वर्गात सांगितली जात नाही, ती इथेच सांगतो. गोल्डबाखने ७ जून १७४२ ला मॉस्कोहून बर्लिनला ऑयलरला जे पत्र लिहिलं, त्यात तीन मूळ संख्यांची गोष्ट होती, आणि तो १ लाही मूळ धरत होता. आपण शिकवतो ते दोनचं रूप ऑयलरच्या ३० जूनच्या उत्तरातलं. संगणकाने ४ वर १८ शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंतची प्रत्येक सम संख्या तपासून झाली आहे आणि एकही अपवाद सापडलेला नाही. सिद्धता मात्र नाही. माझ्याकडे दर वर्षी एक-दोन वह्या येतात, 'गोल्डबाख सिद्ध केलं' म्हणून. बहुतेक वह्यांत एकच वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत असतं: 'जोड्या वाढत जातात, म्हणून शून्य होऊच शकत नाहीत.' सरासरी वाढते म्हणून एखादी संख्या उपाशी राहत नाही, असं कुठे आहे? पानभर हिशेब करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारला तर पुष्कळ शाई वाचेल.

आता ठरावीक जातीच्या मूळ संख्या. इथे सर्वांत आधी बाकी बघायची. मी पोरांना हे गाड्यांच्या नंबरांवर शिकवतो. व्हरायटी चौकात सिग्नल लागला की पुढच्या स्कूटरचा नंबर सम असेल तर दोन मूळ संख्यांत फोडायचा, हिरवा लागायच्या आत. कागदावर आपण आपला एसटीडी कोडच घेऊ: ०७१२. तर ७१२.

४ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्या म्हणजे ५, १३, १७, २९, ३७, ४१... अशा कोणत्याही दोन मिळवल्या की बाकी २ राहते. ७१२ ला ४ ने नि:शेष भाग जातो. संपलं. कितीही शोधा, मिळणार नाही. बाकी ३ वाल्या दोन घ्याल तर ३ + ३ = ६, पुन्हा बाकी २. तिथेही दार बंद. म्हणजे ७१२ ला एक या जातीची आणि एक त्या जातीची लागणारच: ११ + ७०१. यातली ११ बाकी ३ ची आणि ७०१ बाकी १ ची. हे शोधाशोध न करता आधीच कळतं, हीच बाकीची ताकद.

मग ज्या सम संख्यांची बाकी २ आहे त्या तरी ४क + १ जातीच्या दोन मूळ संख्यांत फुटतात का? ऑयलरने म्हटलं होतं, सगळ्या फुटतात. याच वाक्याने मला एकदा तोंडघशी पाडलं. ऑलिंपियाडच्या मुलांसाठी मी एक टिपण काढलं होतं आणि त्यात ऑयलरचं हे वाक्य ठोकून दिलं, तपासलं नाही. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारलं, "सर, १४?" मी फळ्यावर वळलो. ५ + ९ नाही. १३ + १ नाही. खडू हातातच राहिला. मग तिनेच पुढे शोधलं: ३८ पण नाही, ६२ पण नाही. ३८ मधून ५, १३, १७, २९, ३७ वजा करा. ३३, २५, २१, ९, १ उरतात, एकही मूळ नाही. घरी येऊन पाहिलं तेव्हा मेख कळली. ऑयलर १ ला धरून बोलत होता. १४ = १ + १३, ३८ = १ + ३७, ६२ = १ + ६१. आपल्या पुस्तकांनी १ ला मूळ संख्यांतून बाहेर काढलं, त्याबरोबर २, ६, १४, ३८, ६२ ह्या लटकल्या. ६६ पासून पुढे १२२ पर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून हाताने केलं, प्रत्येक जमली: ६६ = ५ + ६१, ७० = १७ + ५३, ७४ = ३७ + ३७, असं. सर्व संख्यांसाठी सिद्धता अर्थातच नाही. दोन पदं म्हटली की ती कुठेच नाही.

तीन पदं घेतली की हवा बदलते. १९३७ मध्ये विनोग्रादोव्ह यांनी सिद्ध केलं की पुरेशी मोठी प्रत्येक विषम संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असते. पद्धत वर्तुळाची होती (बेरजा मोजण्याचं काम वर्तुळावरच्या हिशेबात बदलायची रीत), आणि तिचा उगम हार्डी आणि आपल्या रामानुजन यांच्या १९१८ च्या कामात आहे. २०१३ मध्ये हॅराल्ड हेल्फगॉट यांनी 'पुरेशी मोठी' ही पळवाटही काढली: ५ पेक्षा मोठी प्रत्येक विषम संख्या.

आता पोराचा प्रश्न इथे विचारा. तीन पदांसाठी किती मूळ संख्या काढता येतील? याचं नेमकं उत्तर आहे, आणि ते २०१४ चं आहे. शुआनचेंग शाओ यांचा सिद्धांत सांगतो की मूळ संख्यांपैकी ५/८ पेक्षा जास्त हिस्सा शिल्लक ठेवा, मग कोणत्या ठेवल्या याची मला पर्वा नाही. पुरेशी मोठी प्रत्येक विषम संख्या शिल्लक राहिलेल्यांतल्या तिनांच्या बेरजेने मिळेलच. कोणीही कितीही दुष्टपणे निवडून काढल्या तरी. दोन पदांत नखभर काढून आपण खेळ मोडला होता, तो तीन पदांत जवळपास तीन-अष्टमांश काढूनही मोडत नाही. एका जादा पदाने केवढा फरक पडला बघा.

पण ५/८ च का? ही जागा सावकाश वाचा, आणि जमलं तर पोरांना करूनच दाखवा, कारण यात बेरजेपलीकडे काही लागत नाही. ३ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या १५ ने भागली तर बाकी आठच प्रकारची येते: १, २, ४, ७, ८, ११, १३, १४. लांबवर पाहिलं तर मूळ संख्या या आठ घरांत सारख्याच वाटल्या जातात. आता ८, ११ आणि १४ ही तीन घरं रिकामी करा. उरली १, २, ४, ७, १३. म्हणजे बरोबर ५/८, ना कमी ना जास्त.

या पाचांतल्या दोन-दोन मिळवा (तीच दोनदा घेतली तरी चालेल) आणि १५ च्या वर गेलं की १५ वजा करा. येणाऱ्या बाक्या: ०, २, ३, ४, ५, ६, ८, ९, ११, १४. न येणाऱ्या: १, ७, १०, १२, १३.

आता तीन पदांनी बाकी १४ आणायची आहे असं समजा. तिसरं पद १ असेल तर पहिल्या दोघांनी १३ द्यायला हवेत. २ असेल तर १२. ४ असेल तर १०. ७ असेल तर ७. १३ असेल तर १. म्हणजे पहिल्या दोघांकडून १३, १२, १०, ७, १ यांपैकी काहीतरी हवं, आणि नेमक्या याच पाच बाक्या त्यांना कधीच देता येत नाहीत! म्हणून २९, ५९, ८९ आणि अशीच ३०-३० ने पुढे जाणारी एकही विषम संख्या या पाच घरांतल्या तीन मूळ संख्यांनी मिळत नाही, कितीही मोठी असो. बरोबर ५/८ वर मोडतं, त्याहून केसभर जास्त ठेवलं की जुळतं. मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, मे महिना, कूलरमधलं पाणी संपून गरम हवा येत होती, आणि मला उठून पाणी टाकायचंही सुचलं नाही.

पण इथे एक गैरसमज होऊ शकतो. शाओंचा आकडा कुणी मुद्दाम वाईट वागलं तर काय होईल ते सांगतो. काढणारा निरागस असेल तर कितीतरी जास्त काढून चालतं. उदाहरण देतो. १, २, ३, ४... अशा प्रत्येक संख्येचा १.०४ वा घात घ्या, दशांश भाग कापा, उरलेला पूर्णांक मूळ असेल तर ठेवा, नाहीतर सोडा. प्यातेत्स्की-शापिरो यांनी १९५३ मध्ये दाखवलं की अशा मूळ संख्या अपेक्षेइतक्याच भरतात. पुढे पुढे त्या विरळ होत जातात; १ वर शंभर शून्यं इतक्या दूर पोचल्यावर सुमारे सात हजार मूळ संख्यांत यांच्यातली एक. प्रमाण शून्याकडे चाललंय. तरीही बालोग आणि फ्रीडलँडर यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलं की मोठ्या विषम संख्यांना अशा तीन मूळ संख्या पुरतात. सात हजारांत एक राहूनही जमतं आणि आठांत पाच राहूनही जमत नाही, कारण पहिल्या रांगेला बाकीचा पक्षपात नाही. ती सगळ्या घरांतून सारखी वेचलेली आहे. सुरुवातीलाच 'किती' पेक्षा 'कोणत्या' म्हणालो ते यासाठी.

आता हवी तितकी पदं, पण एक अट: एकच मूळ संख्या दोनदा घ्यायची नाही. ही अट नसेल तर २ आणि ३ पासूनच सगळं जमतं, त्यात काही राम नाही.

कॉटन मार्केटमधल्या भाजीवाल्याची वजनं आठवा. ५०, १००, २००, ५०० ग्रॅम, १ किलो, २ किलो. प्रत्येकी एकच असेल तर ५०, १००, २०० मिळून ३५० पर्यंत जाता येतं. ४०० अडकतं, कारण पुढचं वजन एकदम ५०० चं. (तो दुसऱ्या पारड्यात १०० चं टाकून चारशे तोलतो, पण आपल्याला वजाबाकी चालत नाही.) २०० वरून ५०० ही उडी दुपटीहून मोठी आहे, तिथे खड्डा पडला. पुढचं वजन मागच्याच्या दुपटीच्या आत असेल आणि सुरुवातीला सलग संख्यांची पुरेशी लांब पट्टी हाती असेल, तर पुढे कधीच खड्डा पडत नाही.

मूळ संख्यांची पट्टी बघा. २, ३, ५, ७, ११ एवढ्याच घ्या, प्रत्येकी एकदाच. ७ ची ७. ८ = ३ + ५. ९ = २ + ७. १० = ३ + ७. ११ ची ११. १२ = ५ + ७. १३ = २ + ११. १४ = ३ + ११. १५ = ३ + ५ + ७. १६ = ५ + ११. १७ = २ + ३ + ५ + ७. १८ = ७ + ११. १९ = ३ + ५ + ११. म्हणजे ७ ते १९, सलग तेरा संख्या. पुढची मूळ संख्या नेमकी १३. तिला या तेरांत मिळवा: २० ते ३२. आता ७ ते ३२ हातात आली, पट्टी सव्वीसची. पुढची १७ मिळवली की ४९ पर्यंत, मग १९ मिळवली की ६८ पर्यंत. दर वेळी पट्टी मूळ संख्येपेक्षा जोरात लांबते, कारण पुढची मूळ संख्या मागच्या दुपटीच्या आतच सापडते. हे चेबिशेव्ह यांनी एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलं आणि रामानुजन यांनी १९१९ मध्ये त्याची एक छोटी सुंदर सिद्धता दिली. यावरून रिशर्ट यांचा १९४९ चा निकाल येतो: ६ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या वेगवेगळ्या मूळ संख्यांची बेरीज असते. राहतात फक्त १, ४ आणि ६. सातवीच्या वर्गात तासाभरात होतं हे. मी केलंय.

आता यातून काढत जा. २ काढली तर? ड्रेसलर यांनी १९७२ मध्ये दाखवलं की फक्त १, २, ४, ६ आणि ९ राहतात. अर्ध्या काढल्या तर? ४क + १, ४क + ३, ६क + १ आणि ६क + ५ या जातींतही दुपटीच्या आत पुढची सापडते (एकदा ७ ओलांडलं की; ब्रॉइश, १९३२). तेव्हा तीच पट्टीची युक्ती चालते, फक्त सुरुवात लांबते. माकोव्स्की यांनी १९६० मध्ये प्रत्येक जातीत शेवटची अडणारी संख्या काढून ठेवली: ४क + ३ साठी ५५, ४क + १ साठी १२१, ६क + ५ साठी १६१, ६क + १ साठी २०५. त्यापुढची एकही अडत नाही. दोन पदांत बाकीने दार लावलं होतं, ते इथे का उघडलं? कारण पदांची संख्या आता आपल्या हातात आहे. ४क + १ जातीत बेरजेची बाकी पदांच्या संख्येइतकीच असते, त्यामुळे ७१२ ला दोन नाही तर चार घ्या: ५ + १३ + १७ + ६७७.

१२१ का अडते ते मात्र बघण्यासारखं आहे. बाकी १, म्हणून पदं एक, पाच किंवा नऊ हवीत. एक चालत नाही, १२१ म्हणजे ११ गुणिले ११. नऊ घ्यायची तर लहानात लहान बेरीजच ३२९ होते. राहिली पाच. त्यात ५ हवीच, कारण ती सोडली तर १३ + १७ + २९ + ३७ + ४१ = १३७, हाताबाहेर. १३ पण हवी; ती सोडली तर ५ + १७ + २९ + ३७ + ४१ = १२९. आता उरलेल्या तिघांनी १०३ करायचे. १७ घेतली तर दोघांत ८६ हवेत: २९ + ५७, ३७ + ४९, ४१ + ४५, सगळे नापास. १७ सोडली तर २९ + ३७ + ४१ = १०७, चारने जास्त. संपले पर्याय. आणि हळहळ कुठे आहे? २९ + ३७ + ३७ = १०३. ३७ दोनदा घेऊ दिली असती तर १२१ जमली असती! पुढची १२२ मात्र १३ + १०९ म्हणून सहज सुटते.

दुपटीचा नियम तुटला की काय होतं तेही लगेच कळतं. २ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या मूळ संख्याच ठेवल्या तर ३, ७, ३१, १२७ आणि मग थेट ८१९१. ८१९१ च्या खाली बेरजा बनतात एकूण पंधरा. बाकी सगळं वाळवंट.

शेवटी जोडमूळ संख्या: ३ आणि ५, ५ आणि ७, ११ आणि १३, अशा २ च्या फरकाच्या जोड्यांतल्या. या अनंत आहेत की नाहीत हेच सिद्ध झालेलं नाही. तरी झ्विलिंगर यांनी १९७९ मध्ये अटकळ मांडली की ४२०८ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या अशा दोघींची बेरीज असते. हे खरं ठरलं तर जोडमूळ संख्या अनंत आहेत हेही फुकटात मिळतं, म्हणून सिद्धतेची आशा जवळपास ठेवू नका. पण अपवादांची यादी पाहिली की एक गंमत दिसते. २ आणि ४ सोडले तर त्या तिघा-तिघांच्या टोळीने येतात: ९४, ९६, ९८, मग ४००, ४०२, ४०४, मग ५१४, ५१६, ५१८...

९४ साध्या मूळ संख्यांनी पाच प्रकारे जमते: ५ + ८९, ११ + ८३, २३ + ७१, ४१ + ५३, ४७ + ४७. प्रत्येक जोडीत एक तरी एकटी आहे: ८९, ८३, २३, ५३, ४७. तिला जोडीदार नाही. पण टोळी का? कारण ३ आणि ५ ची जोडी सोडली तर प्रत्येक जोडी ६ च्या एखाद्या पटीच्या दोन बाजूंना बसते: ६ च्या भोवती ५ आणि ७, १२ च्या भोवती ११ आणि १३, १८ च्या भोवती १७ आणि १९. मूळ संख्या विसरा, फक्त ६ ची कितवी पट ते लिहा: १, २, ३, ५, ७, १०, १२, १७, १८, २३, २५... ही जोड्यांची घरं. दोन घरांची बेरीज म असेल तर ६म, ६म + २ आणि ६म – २ तिन्ही एकदम जमतात. घर एक, डाव्या-उजव्या खोल्या दोन. आपली ७१२ म्हणजे ६ × ११९ – २, आणि ११९ = १२ + १०७. दोन्हीकडून डाव्या खोल्या घ्या: ७१ + ६४१. झालं.

आणि ९४, ९६, ९८ एकदम का अडतात? मध्यावर ९६, म्हणजे ६ × १६. १६ ही दोन घरांची बेरीज होत नाही. १ ला १५ हवेत, २ ला १४, ३ ला १३, ५ ला ११, ७ ला ९, १० ला ६, १२ ला ४. यादीत एकही नाही. (३ ही घरांबाहेरची जोडमूळ संख्या कधी कधी मदतीला येऊ शकते, पण ९४ – ३ = ९१ आणि ९८ – ३ = ९५, तीही नाही.) सगळी यादी या घरांच्या भाषेत लिहिली तर अडणारे मध्य एवढेच: १६, ६७, ८६, १३१, १५१, १८६, १९१, २११, २२६, ५४१, ७०१. सातशे एकनंतर आजवर एकही सापडलेला नाही.

मागच्या बाकावरच्या त्या पोराला हेच द्या, मॅडम. १०० पर्यंतची घरं त्याला स्वतः काढू द्या. ५९९ आणि ६०१ पर्यंतच्या मूळ संख्या लागतील, एका रविवारचं काम. मग म्हणा, १७ पासून ६६ पर्यंत प्रत्येक संख्या दोन घरांत फोड, आणि ६७ का फुटत नाही ते मला लिहून दाखव.